पोर शाळेत, आई-बाप कोपीवर: शाळेच्या साध्या फोनची व्यवस्था कशी लावायची

नोव्हेंबरातली गोष्ट. सहावीतल्या एका मुलीला दुपारच्या सुट्टीत सडकून ताप भरला. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, बेळगावच्या बाजूला, कोपीवर म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहायला. हजेरीपटाच्या मागच्या पानावर तिचे तीन नंबर लिहिलेले होते. पहिला वडिलांचा, तो बंद. दुसरा आईचा, पलीकडून कुणी अनोळखी बाई म्हणाली, "राँग नंबर हाय." तिसरा घरी असलेल्या आजीचा. रिंग पूर्ण वाजली, एकदा, दोनदा, तीनदा. उचलला नाही. शेवटी एका पोराला सायकलवर वस्तीला पाठवलं. आजी ओसरीवर बसलेली, मांडीशेजारी टचस्क्रीनचा फोन. "वाजत व्हतं की गुरुजी," ती म्हणाली, "पण बोट लावलं तरी बोलंना."

तिला फोन उचलता येत नव्हता, कारण त्या फोनवर बोट लावून भागत नाही, सरकवावं लागतं. गावात फोन काय कमी नव्हते. त्या मुलीपुरता उचलला जाणारा नंबर मात्र एकही निघाला नाही.

त्यानंतरच्या तीन हंगामांत आम्ही शाळेत कीपॅड फोनांची जी व्यवस्था बसवली, ती इथे क्रमानं सांगतो. आमची शाळा बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरातली. दसरा-दिवाळीपासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, निम्मी पोरं आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात असतात. तुमच्याकडे ऊसतोड नसेल, वीटभट्टी असेल, आश्रमशाळा असेल किंवा पोरं तीन किलोमीटर चालत येत असतील. थोडा फेरफार करून हेच चालेल.

आधी नंबर, मग फोन

दुकानात जायची घाई करू नका. पहिलं काम कागदावरचं आहे आणि ते ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या आत उरकायला हवं. त्या सुमारास एक पालकसभा ठेवा. उचल (मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम) मिटवायला, सामान बांधायला पालक गावात असतातच.

प्रत्येक मुलामागे एक कार्ड करा. त्यावर किमान चार नंबर हवेत: वडील, आई, घरी राहणारं माणूस आणि टोळीचा मुकादम, म्हणजे मजूर गोळा करून नेणारा. मुकादमाचा नंबर पालक द्यायला कचरतात, पण आमचा अनुभव असा की हंगामात हमखास लागणारा फोन त्याचाच. कारखान्याची गाडी कधी येणार, कुठल्या फडात जायचं, हे सगळं त्याच्याच फोनवर येतं, त्यामुळे तो फोन बंद ठेवूच शकत नाही. पालकांसमोर मुकादमालाही सांगून ठेवा की शाळेतून फोन आला तर निरोप पोचवायचा. कारखान्याचं नाव आणि गट माहीत असेल तर तेही लिहा. अगदी अडलं तर कारखान्याच्या गट ऑफिसातून चिटबॉयमार्फत (फडावर लक्ष ठेवणारा कारखान्याचा माणूस) टोळी सापडते.

आता महत्त्वाचं. कार्डावर लिहिलेला प्रत्येक नंबर तिथल्या तिथे, त्या माणसासमोर लावून बघा. पहिल्या वर्षी आम्ही हे केलं तेव्हा दर पाच-सहा नंबरांमागे एक चुकीचा निघाला. कुणाचं सिम बंद पडलेलं, कुणी एक आकडा चुकीचा सांगितलेला, कुणी मोठ्या अभिमानानं हरवलेल्या फोनचा नंबर दिलेला. त्या मुलीच्या आईच्या नंबराचं तसंच झालं होतं. रिचार्ज न करता सिम बरेच दिवस पडून राहिलं, कंपनीनं ते बंद केलं आणि नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरलंच नाही तर असं होऊ शकतं, हे पालकांना सभेत स्पष्ट सांगा. व्हॅलिडिटी संपली की आलेले फोनही लागत नाहीत, हेही सांगा.

कार्डावर एक रकाना वेळेचा ठेवा. कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, पहाटे अंधारात फडात जातं. दिवसभर फोन कोपीत असतो किंवा बंद असतो, चार्जिंगला लाईट कुठली? आमच्याकडे बहुतेकांनी रात्री आठ-साडेआठ सांगितली. रोजचं बोलणं त्या वेळी, तातडीचं मुकादमाकडे, अशी वाटणी आपोआप झाली.

कुणाला फोन, कुणाला नाही

प्रत्येक मुलाच्या दप्तरात फोन, हे मला पटत नाही. आम्ही तीन प्रकारचे फोन ठेवले. एक कार्यालयातला. तो शाळेचा अधिकृत नंबर, सगळ्या पालकांकडे लिहिलेला. दुसरा वसतिगृहातला, संध्याकाळी आई-बापांशी बोलण्यासाठी. तिसरा वाटेवरचा. लांबच्या वस्तीवरून आठ-दहा पोरं एकत्र येतात, त्यांच्यात एक फोन, तो सगळ्यांत मोठ्या आणि त्यातल्या त्यात शहाण्या पोरीकडे. (मुलाकडे दिला होता. दोन दिवसांत त्यातला सापाचा खेळ वस्तीभर पसरला.)

एखाद्या मुलाला स्वतंत्र फोन लागतोच. मधुमेह आहे, फेफरं येतं, एकट्यानं एसटीनं जावं लागतं, दिसत नाही. तिथे नियम आडवा आणू नका.

कीपॅडच का, हा प्रश्न तरुण शिक्षक हमखास विचारतात. व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे की, म्हणतात. आहे. पण ग्रुपमध्ये ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे तेवढेच पालक आहेत, त्यातल्या निम्म्यांचा डेटा संपलेला असतो, आणि नेमके गरजेचे पालक त्यात नाहीत. कीपॅड फोन एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस निघतात, पडला तर काच फुटत नाही, आणि पोराच्या हातात दिला तर तासाभरानं परत मिळतो.

रेंज चालत जाऊन मोजा

कंपनीच्या नकाशावर सगळीकडे रंग भरलेला असतो. डोंगरात तसं नसतं. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घातलेले तीन फोन घ्या आणि पोरं ज्या वाटेनं येतात त्या वाटेनं चाला. दर दोनशे पावलांवर थांबून फोन लावा. नुसत्या दांड्या बघू नका, त्या फसवतात. पलीकडच्याला दहापर्यंत आकडे म्हणायला सांगा. सगळे ऐकू आले तर ती जागा पास.

आम्ही हे काम सातवीच्या पोरांना भूगोलाचा प्रकल्प म्हणून दिलं. त्यांनी ड्रॉइंग पेपरवर वाट काढली आणि ठिपके दिले. मग एकानं डोकं चालवलं आणि चुन्याचा डबा नेऊन रेंज मिळते त्या दगडांवर फोनचं चित्र काढलं. आता पावसात ओढा चढला तर कुठल्या दगडापाशी जाऊन उभं राहायचं हे पहिलीच्या पोरालाही माहीत आहे. सगळ्या खटाटोपातली सगळ्यांत स्वस्त गोष्ट ही.

कुठली कंपनी चालते हे कळल्यावरच फोन ठरवा, कारण इथे एक खड्डा आहे. जिओचं जाळं ४जी आणि ५जीचं आहे, २जी त्यांच्याकडे नाहीच. जुना किंवा स्वस्तातला २जी कीपॅड फोन घेतला आणि त्यात जिओचं सिम घातलं तर फोन लागणार नाही. एअरटेल आणि व्हीआयचं २जी अजून चालतं. उलट जिओ भारत फोन घेतला तर त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. माझ्या मते शाळेसाठी कुठल्याही कंपनीचं सिम घेणारा, दोन सिमांचा ४जी कीपॅड फोन बरा. चारपाचशे रुपये जास्त जातील, पण उद्या कंपनी बदलली तर फोन फेकावा लागणार नाही. साधारण दीड ते अडीच हजारांत असा फोन मिळतो.

दुकानात काय बघायचं

फोन हातात घ्या, डोळे मिटा आणि स्वतःचा नंबर लावा. लागला तर बटणं चांगली आहेत. लेबलवर काय छापलंय त्यापेक्षा ही परीक्षा खरी. बटणांमध्ये फट हवी आणि दाबल्यावर बोटाला कळायला हवं. ५ च्या बटणावर उठलेला ठिपका किंवा रेघ असते, ती बोटाला लागते का बघा.

बाकी बघायचं ते असं. बॅटरी काढता येणारी हवी, म्हणजे फुगली की नवी टाकता येते. टॉर्चला वेगळं बटण असेल तर उत्तम, आमच्याकडे फोनचा निम्मा वापर तोच आहे. चार्जरची पिन गावात सर्वांकडे असते तीच घ्या. आवाज पूर्ण मोठा करून फोन खिशात ठेवा आणि दुकानाबाहेर जाऊन रिंग ऐका. कॅमेरा नसलेला मिळाला तर घ्या, वर्गातल्या निम्म्या भानगडी तिथेच मिटतात.

मराठीचंही बघा. भारतीय मानक ब्युरोच्या नियमानुसार इथे विकल्या जाणाऱ्या फोनांवर देशातल्या बावीसही अधिकृत भाषांतले मेसेज वाचता यायला हवेत. टाइप करायला मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी एक भाषा एवढीच सक्ती आहे. म्हणजे मराठी मेसेज दिसेल, पण लिहिता येईलच असं नाही. दुकानातच "आई" टाइप करून बघा.

पैसे देण्याआधी *#०६# दाबा. पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, येईल, दोन सिमांचा फोन असेल तर दोन येतील. खोक्यावरच्या नंबरशी ताडून बघा. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग मोकळी जागा, मग तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवला तर त्या फोनची माहिती येते. जुना फोन घेत असाल तर हे टाळूच नका. शाळेत आल्यावर हे नंबर जडसंग्रह नोंदवहीत फोनच्या नावापुढे लिहून ठेवा आणि पक्कं बिल फाइलला लावा. फोन हरवल्यावर याचं महत्त्व कळतं.

सिम कुणाच्या नावावर

या प्रश्नावर शाळा सगळ्यांत जास्त फसतात. मुख्याध्यापक उत्साहानं स्वतःच्या आधारवर सिम काढतात, नंबर सगळ्या पालकांना देतात, पाटीवर रंगवून घेतात. चार वर्षांनी बदली होते. सिम त्यांच्यासोबत जातं किंवा बंद पडतं, आणि पालक तोच नंबर लावत राहतात. शक्य असेल तर सिम शाळेच्या किंवा संस्थेच्या नावावर घ्या. त्याला कागदपत्रं आणि अधिकारपत्र लागतं, दुकानदार नको नको म्हणतो, पण कंपनीच्या मुख्य दुकानात होतं. तेही जमलं नाही तर गावातच राहणाऱ्या, बदली नसलेल्या माणसाच्या नावावर घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीचा तसा ठराव लिहून घ्या.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, ते पालकाच्याच नावावर निघतं. इथे पालकांना एक गोष्ट बजावून सांगा: बँकेला, पीएम किसानला किंवा घरकुलाला जोडलेलं सिम पोराच्या फोनात घालू नका. आमच्या एका पालकानं नेमकं तेच केलं. हप्त्याचा ओटीपी रोज पोराच्या दप्तरात यायचा आणि बाप फडातून मास्तरांना फोन करून आकडे विचारायचा.

रिचार्जचंही ठरवून टाका. ट्रायनं (दूरसंचार नियामक प्राधिकरणानं) डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले. अशा पॅकची मुदतही आता वर्षापर्यंत असू शकते. दुकानदार आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावा लागतो. रिचार्ज केल्यावर संपायची तारीख कार्यालयातल्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा, आणि त्याच्या चार दिवस आधीच्या तारखेलाही गोल करा.

फोन लावायला बसा

नवा फोन पोराच्या हातात तसाच देऊ नका. एक निवांत दुपार काढा. बॅटरी पूर्ण भरा, तारीख-वेळ बरोबर करा. वेळ चुकीची असेल तर मिस कॉल कधी आला हेच कळत नाही.

नावं भरताना आधी आकडा टाका: "१ आई", "२ बाबा", "३ मुकादम". आकड्यांमुळे तीच नावं यादीत सगळ्यांत वर येतात. शाळेच्या फोनवर मुलांची नावं लिहू नका, इयत्ता आणि हजेरी क्रमांक लिहा: "६-१४ वडील". आपल्याला कळतं, आणि फोन हरवला तर सापडणाऱ्याला काही कळत नाही. नंबर फोनमध्ये आणि सिममध्ये दोन्हीकडे साठवा.

मग स्पीड डायल. २ दाबून धरलं की आई, ३ वर बाबा, ४ वर शाळा. ५ आणि ९ मोकळी ठेवा. त्याला कारण आहे. दूरसंचार विभागाच्या २०१६ च्या नियमांनुसार भारतातल्या फोनांमध्ये संकटाचं बटण असायलाच हवं, आणि कीपॅड फोनवर ते ५ किंवा ९ दाबून धरलं की चालतं. फोन सरळ ११२ या आपत्कालीन नंबरला लागतो. तुमच्या फोनात कुठलं बटण आहे ते पुस्तिकेत किंवा सेटिंगमध्ये बघून घ्या. गंमत म्हणून दाबून बघू नका, पलीकडे खरंच पोलीस असतात. खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून कीपॅडचं कुलूप आपोआप लागेल असं ठेवा.

आणखी एक चोर सांगतो. बऱ्याच कीपॅड फोनांवर # दाबून धरलं की फोन सायलेंट होतो. म्हातारी माणसं फोन घट्ट धरतात आणि नकळत हेच होतं. "वाजलाच नाही" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. मोठा आवाज आणि थरथर दोन्ही चालू ठेवा, आणि सायलेंटचं चिन्ह कसं दिसतं ते आजीला नाही तर नातवाला दाखवून ठेवा. काही फोनांत कुठलंही बटण दाबून फोन उचलायची सोय असते. आजीसाठी ती आधी चालू करा.

मोबाईल डेटा बंद करा. जाहिरातींचे फोन नकोत तर इंग्रजीत स्टार्ट, मोकळी जागा आणि शून्य असा मेसेज १९०९ वर पाठवा. काही फोनांत फक्त साठवलेल्याच नंबरांचे फोन येऊ देणारी यादी असते. वाटेवरच्या फोनला ती लावलीत तर अनोळखी माणसाचा त्रासच नको. सिमला पिन लावायची की नाही यावर आमच्यात वाद झाला. मी लावू नये या मताचा आहे. बॅटरी निघून परत बसली की फोन पिन मागतो, पोर घाबरून तीनदा चुकीची टाकतं आणि सिमच अडकतं.

शेवटी, फोनच्या पाठीला कागद. त्यावर ११२, मुलांची हेल्पलाइन १०९८, रुग्णवाहिका १०८ आणि शाळेचा नंबर, वरून पारदर्शक चिकटपट्टी. घरचे नंबर कागदावर नकोत. ते पोराला पाठ हवेत, किमान दोन. परिपाठात पाढे म्हणतो तसेच आम्ही आठवड्यातून एकदा पोरांकडून आपापले नंबर म्हणवून घेतो. एकाच वेळी चाळीस पोरं चाळीस वेगवेगळे नंबर म्हणतात, तो कालवा ऐकण्यासारखा असतो.

ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, बोटं वळत नाहीत

न दिसणाऱ्या मुलाला ५ वरच्या ठिपक्यापासून शिकवा. मधलं बोट तिथे ठेवायचं. वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. आमच्या आठवीतल्या एका मुलाला हे जमायला एक दुपार पुरली, आणि आता तो डोळसांपेक्षा वेगानं लावतो. दाबलेला आकडा बोलून दाखवणारे कीपॅड फोनही मिळतात, पण बोलणं बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असतं. आधी ऐकून घ्या.

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी थरथर आणि मेसेज. इथे एक हिशेब लक्षात ठेवा: इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. म्हणून मेसेज तुटक लिहा: "शाळा सुटली. निघालो." असे पाच-सहा मेसेज फोनात आधीच साठवून ठेवा. ज्या आईला वाचता येत नाही तिच्याशी मिस कॉलची खूण ठरवा. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, लागोपाठ दोन म्हणजे मास्तरांना फोन कर. आपल्याकडे मिस कॉलची भाषा सगळ्यांना येतेच, तिला नुसतं ठरीव रूप द्यायचं.

बोटांवर ताबा नसलेल्या मुलाला बटण दाबून धरणं जड जातं. बऱ्याच फोनांवर हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा लावलेला नंबर लागतो. घरून निघताना आईनं त्या फोनवरून स्वतःला एक मिस कॉल द्यावा. मग दिवसभर दोनदा हिरवं म्हणजे आई. फोन गळ्यात दोरीनं अडकवा, पण दोरी ओढली तर सुटेल अशी हवी.

शाळेतले नियम

सीबीएसईनं २००९ मध्येच शाळांत मोबाईलवर निर्बंध घालायला सांगितलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सरसकट बंदी ना योग्य ना जमण्यासारखी असं म्हणत मध्यममार्ग सांगितला: जमेल तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत, वर्गात वापर नको, पण सुरक्षिततेसाठी आणि घरच्यांशी संपर्कासाठी वापराला वाव ठेवावा. निकाल दिल्लीतला असला तरी पालकसभेत वाद मिटवायला उपयोगी पडतो.

आम्ही चपला ठेवायचा असतो तसा खणांचा पडदा शिवून घेतला, प्रत्येक खणाला आकडा. फोन सकाळी खणात, सुटताना परत, नोंद वहीत. फोन हरवला तर जबाबदारी कुणाची, हे संमतीपत्रात आधीच लिहा, नंतर भांडण नको.

वसतिगृहातल्या फोनबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. तो अधीक्षकांच्या टेबलावर असतो आणि पोर बोलतं तेव्हा अधीक्षक समोर बसलेले असतात. अशा फोनवर पोर "बरं आहे" याखेरीज काही बोलणार नाही. फोन व्हरांड्यात, मोठ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी ठेवा. १०९८ लावायला कुणाची परवानगी लागत नाही, हे पोरांना सगळ्यांदेखत सांगा. तक्रार शाळेतल्याच माणसाबद्दल असेल, तेव्हा हा एवढाच फोन पोराच्या हाती असतो. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करायची आहे. तिच्या एका महिला सदस्याचा नंबरही फोनवर साठवा. आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट तुमच्या कानावर आली तर पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानं ती पोलिसांपर्यंत नेणं तुम्हाला बंधनकारक आहे. आधी घरात बघू, संस्थेत मिटवू, असं चालत नाही.

सराव

पंधरा दिवसांतून एकदा, न सांगता. "ओढ्याला पाणी आलंय, वस्तीची पोरं अडकलीत" असं धरून चालायचं. मोठी पोरगी चुन्याच्या दगडापाशी जाऊन शाळेला फोन लावते, शाळा घरी लावते, घरचा माणूस "कळलं" म्हणतो. घड्याळ लावा. पहिल्यांदा आम्हाला बावीस मिनिटं लागली. फोन दप्तरात, दप्तर दुसऱ्याकडे, आणि बॅटरी शेवटच्या दांडीवर. आता चार मिनिटांत होतं. चार्जिंग बुधवारी आणि रविवारी हे त्या फजितीनंतरच ठरलं.

पोराला बोलायलाही शिकवा. घाबरलेलं पोर "हॅलो, हॅलो" करतं आणि रडतं. आम्ही तीन वाक्यं घोटून घेतली: मी कोण, मी कुठे, काय झालं. या क्रमानं. आजीच्या बाजूचाही सराव हवा. नातवानं अंगणातून फोन लावायचा, आजीनं ओसरीवर उचलायचा. हिरव्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला की काम अर्धं सोपं होतं.

फोन हरवला, किंवा भलताच फोन आला

हरवला तर आधी कंपनीला फोन करून सिम बंद करा. मग पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत, बिल व आयएमईआय घेऊन दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर फोन ब्लॉक करा. मग तो देशात कुठल्याही सिमवर चालत नाही. सापडला तर तिथूनच खुला करता येतो.

"तुमचा मुलगा पोलिसांनी धरलाय, पैसे पाठवा" असे फोन आता फडापर्यंत पोचले आहेत. आई-बाप शेकडो किलोमीटरवर असताना हे ऐकून त्यांच्या काळजाचं पाणी होतं. दसऱ्याच्या सभेतच प्रत्येक घराला एक परवलीचा शब्द ठरवायला सांगा, बैलाचं नाव असो की शेताचं. फोनवरच्या माणसाला तो सांगता आला नाही तर फोन ठेवायचा आणि शाळेला लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

पट्टा पडला की

एप्रिलमध्ये आई-बाप परततात. वाटेवरचे फोन जमा करा. बॅटरी निम्मी भरून, बाहेर काढून, खोक्यात कोरड्या जागी ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर जूनमध्ये जीव धरत नाही. कार्यालयातलं सिम मात्र मे महिन्यातही चालू हवं, रिचार्जचा लाल गोल सुट्टीत येत असेल तर तो आधीच भरा. जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्डांचा गठ्ठा काढायचा आणि एकेक नंबर परत लावायचा. गेल्या जूनमध्ये एकशे बारा कार्डांपैकी एकोणीस बदलावी लागली. त्या आजीचा नंबर आता "६-१४" राहिला नाही, नात वर्ग चढली. नवी चिठ्ठी चिकटवून नंबर लावला, तर दुसऱ्या रिंगला पलीकडून आवाज आला, "बोला गुरुजी."